परभाषेचा अभ्यास : साहाय्य कोणतें आणि नक्कल कोणती?

परकी भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्यानें दुसऱ्याचें साहाय्य किती घ्यावें, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. गणित एकट्यानें सोडवितां येतें. संभाषण एकट्यानें करतां येत नाहीं. म्हणून भाषेच्या वर्गांत सहकार्याला सरसकट बंदी करणें अशक्य, आणि सरसकट मोकळीक देणें घातक. या दोहोंमधील सीमारेषा रशियन भाषेच्या उदाहरणावरून नीट उमगते.

मुंबई विद्यापीठाच्या कालिना येथील आवारांत रशियन भाषेचा विभाग आहे. २०१३ सालीं उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत धावूं लागल्या, तेव्हांपासून पालघर-बोईसरच्या विद्यार्थ्याला मुंबईस जाणें अधिक सोयीचें झालें. समजा, असे दोन विद्यार्थी गाडींत बसून रशियनचीं ३३ अक्षरें घोकीत आहेत, एकमेकांस शब्द विचारीत आहेत, उच्चार सुधारीत आहेत. यांत गैर कांहींच नाहीं; हा उत्तम अभ्यास होय. परंतु एकानें दुसऱ्याची वही मांडीवर घेऊन घरीं लिहावयाचा निबंध उतरून काढला, तर ती नक्कल झाली.

याचें कारण केवळ नीतीचें नाहीं, शिक्षणाचेंही आहे. मराठींत पुस्तक नपुंसकलिंगी. रशियनमधील ‘क्नीगा’ स्त्रीलिंगी. दोन्ही भाषांत लिंगें तीनच असल्यानें मराठी विद्यार्थी निर्धास्त राहतो, आणि ‘मया क्नीगा’ लिहावयाचें तेथें ‘मयो क्नीगा’ लिहून जातो. ही चूक शिक्षकाच्या दृष्टीस पडली, तर तो त्या विषयावर चार उदाहरणें अधिक घेईल. पण जाणत्या मित्रानें किंवा भाषांतर करणाऱ्या यंत्रानें ती गुपचूप पुसली असेल, तर वही निर्दोष दिसते आणि विद्यार्थी आहे तेथेंच राहतो. रोग लपवून वैद्याकडे जाण्यासारखेंच हें झालें.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत रसायनांचे नमुने तपासणाऱ्यांना ही गोष्ट वेगळी सांगावयास नको. यंत्र कसें चालवावें हें सहकाऱ्याला विचारणें योग्य. त्याच्या नोंदींतला आंकडा आपल्या नोंदींत उतरविणें अयोग्य. रशियांत वैद्यकी शिकावयास महाराष्ट्रांतूनही मुलें जातात. तेथें रुग्णालयांत रुग्णाची तक्रार रशियनमध्येंच समजून घ्यावी लागते. त्या वेळीं उसन्या निबंधाचे गुण उपयोगी पडत नाहींत.

कायद्यानेंही या बाबतींत लक्ष घातलें आहे. परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रांत १९८२ सालीं अधिनियम झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणें शोधप्रबंधांत ६० टक्क्यांहून अधिक उसनवारी सिद्ध झाल्यास नोंदणी रद्द होते. परंतु रोजच्या गृहपाठाची मर्यादा टक्केवारीनें ठरत नाहीं. ती शिक्षकानें आरंभींच स्पष्ट सांगावयास हवी. कोणतें काम जोडीनें करावें, कोणतें एकट्यानें, कोश केव्हां उघडावा, यंत्र केव्हां मिटावें, हें न सांगतां मागाहून शिक्षा करणें न्याय्य नव्हे.

विद्यार्थ्यापुरती कसोटी साधी आहे. ज्या वहीवर आपलें नांव आहे, तिच्यांतील प्रत्येक वाक्य असें कां लिहिलें, हें पुस्तक मिटून सांगतां आलें पाहिजे. कोणीं चूक दाखविली असेल, तर त्याचा उल्लेख खालीं एका ओळींत करावा. त्यांत कमीपणा नाहीं. आणि मित्राला मदत करावयाची झाल्यास उत्तर देऊं नये, नियम समजावून द्यावा.

घरांत रशियन जाणणारें कोणी नाहीं, शिकवणीला पैसा नाहीं, असा एखादा मुलगा बोईसरच्या चाळींत रात्रीं एकटाच सहा विभक्ती घोकीत बसतो. त्याच्या चुका त्याच्या स्वतःच्या असतात, आणि गुणही. उसन्या वहीला अधिक गुण मिळाले, तर अन्याय प्रथम त्याच्यावर होतो. घरांतील वडील माणसांनीं मुलांना किती गुण मिळाले हें विचारण्यापूर्वीं, त्यांतील आपले किती, हें विचारावें.