तीन पूर्णांक चार सेकंद आणि रबाळ्याचा सिग्नल

रबाळे स्टेशनातून बाहेर येऊन ठाणे-बेलापूर रस्त्याकडे तोंड करून उभं राहिलं, की थोड्या वेळात एखादा सोळा चाकी टिपर समोरून जातोच. असा टिपर भरल्यावर साडेसत्तेचाळीस टनांचा होतो. टाटांनी २०२० मध्ये याच वजनाचा सिग्ना ४८२५ आणला, त्याच्या इंजिनाची ताकद २५० अश्वशक्ती. म्हणजे एका टनामागे जेमतेम पाच घोडे, आणि तेवढ्यावर तो खडी, डबर, जे पडेल ते ओढतो.

आता ऑडीची आरएस ६ अवांट घ्या. ही स्टेशन वॅगन, म्हणजे छप्पर मागेपर्यंत नेलेली, लांब डिकीची, बायकामुलं आणि बोचकी घेऊन गावाला जायची गाडी. नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीने तिची सुधारलेली 'परफॉर्मन्स' आवृत्ती जाहीर केली. वजन दोन टनांहून थोडं जास्त, ताकद ६३० अश्वशक्ती. टनामागे तीनशे घोडे!

ही गाडी माझ्या दाराशी येण्याची शक्यता शून्य. त्यामुळे टेस्ट ड्राइव्ह चहाच्या टपरीवरच घेतली, पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, पेनाने.

एक अश्वशक्ती म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलणं. ६३० ला ७५ ने गुणलं तर ४७,२५० किलो. मी आकडा दोनदा तपासला. मधलं घर्षण सोडून दिलं, तर या घरगुती गाडीचं इंजिन समोरचा भरलेला टिपर दर सेकंदाला जवळपास एक मीटर उचलत नेईल. चाळीस सेकंदांत तेराव्या मजल्याच्या गच्चीवर.

शून्यापासून ताशी १०० किलोमीटर गाठायला तिला ३.४ सेकंद लागतात. तेवढ्यात रस्ता किती संपतो? सुमारे ५० मीटर, म्हणजे लोकलचे अडीच डबे. बारा डब्यांच्या गाडीशेजारून निघाली, तर तिसऱ्या डब्याच्या मध्यावरच मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरची कारची वेगमर्यादा संपलेली असेल. साध्या ६०० अश्वशक्तीच्या आवृत्तीला हेच काम ३.६ सेकंदांत जमायचं. मोठे टर्बो, २.४ ऐवजी २.६ बार दाब, प्रत्येकी पाच किलो हलकी चाकं, एवढं सगळं करून कमावलं काय, तर पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. शिवाय आवाज दाबणारं आठ किलोचं अस्तर काढून टाकलं, इंजिन नीट ऐकू यावं म्हणून. गाडीतली शांतता कमी करायला जास्त पैसे मोजणारं गिऱ्हाईक जगात आहे, हे मला सगळ्या आकड्यांहून अजब वाटतं.

श्वासाचं गणित तर आणखी चक्रावणारं. चार लिटरचं हे आठ सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेतं तेव्हा सेकंदाला ४०० स्फोट होतात, आणि पूर्ण ताकदीला ते सेकंदाला सुमारे ४०० लिटर हवा ओढतं. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-सात लिटर घेतो. म्हणजे साडेतीन हजार माणसांचा श्वास, गच्च भरलेल्या एका लोकलचा, एका बॉनेटखाली. पेट्रोल मिनिटाला तीनेक लिटर. ७३ लिटरची टाकी पंचवीस मिनिटांत कोरडी.

१९९२ साली पुण्याहून टाटा इस्टेट आली होती, आपल्याकडची त्या काळची ऐटबाज वॅगन. डिझेल इंजिन, सुमारे ६८ अश्वशक्ती. अशा नऊ इस्टेटी जुंपल्या तरी ६१२ च भरतात. युरोपातही तेव्हा आजच्याएवढी ताकद नसायची. १९९४ ची ऑडी आरएस २, पोर्शच्या मदतीने बनलेली, ३१५ घोड्यांची होती आणि लोकांना ती वेडेपणा वाटली. आता त्याच्या बरोबर दुप्पट.

पण पावतीवर शेवटी जो हिशेब निघाला, त्याने मी थोडा गप्प झालो. चालकासह ही गाडी ताशी शंभरवर पोचते तेव्हा तिच्यात साठलेली ऊर्जा किती? सुमारे ८३० किलोज्यूल. विजेच्या भाषेत पाव युनिटही नाही. घरातला दोन हजार वॉटचा गीझर सात मिनिटांत तेवढी खातो आणि बिलात दोन-तीन रुपये लावतो. ब्रेक दाबून थांबवली तर त्या उष्णतेत अडीच लिटर पाणी उकळेल. टपरीवाल्याचे पंचवीसेक कटिंग. करोडोंची गाडी, आणि मिळालं काय? पंचवीस कटिंगची ऊर्जा, फक्त सात मिनिटांऐवजी ३.४ सेकंदांत. घोडे ऊर्जा वाढवत नाहीत, घाई वाढवतात.

डिकी मात्र खरीखुरी वॅगनची. ५६५ लिटर, मागची सीट पाडली तर १,६८०. एमआयडीसीतल्या ऑफिसांत येणारे वीस लिटरचे जार घ्या: घनफळाने २८, सीट पाडून ८४. प्रत्यक्षात गोल जार इतके मावणार नाहीत आणि ८४ जारांचं वजन गाडी पेलणारही नाही, पण पावतीवर मावतात. टायर मात्र २८५/३० मापाचे. त्यांची रबरी भिंत साडेआठ सेंटिमीटर. पावसाळ्यातल्या खड्ड्याला तेवढ्याने काय होतंय!

आणि रबाळ्याची गर्दी. या इंजिनाला हलका भार पडला की आठांपैकी चार सिलिंडर आपोआप बंद होतात. थांबायला निघताना वेग ताशी २२ च्या खाली आला, की इंजिन पूर्णच बंद. संध्याकाळी सहाला, कारखाने सुटायच्या वेळी, सिग्नलला ती उभी राहील तेव्हा ६३० घोड्यांपैकी एकही जागा नसेल. पुढे टिपर असेल, सोळा चाकी, त्याचे अडीचशे घोडे घरघरत असलेले. दिवा हिरवा झाल्यावर आधी तो हलेल, मग ती.