पायाचा शोरबा का गोठतो?

हिवाळा आला की आपल्या घरांत पाये शिजू लागतात. रात्री मंद आचेवर ठेवलेले पातेले फजरच्या वेळी उतरते. गरम शोरबा ओठांना चिकटतो आणि उरलेला थंड झाला की वडीसारखा गोठतो. वर जमतो तो चरबीचा थर वेगळा. खालची थरथरणारी वडी बनते ती कोलॅजेन नावाच्या प्रथिनापासून. ग्रीक भाषेत 'कोल्ला' म्हणजे सरस. पूर्वी सुतार हाडे आणि कातडी उकळून काढलेल्या सरसाने लाकूड जोडत. या प्रथिनाचे नाव त्यावरूनच पडले.

आपल्या शरीरातही ते हेच जोडण्याचे काम करते. शरीरातील एकूण प्रथिनांपैकी सुमारे 30 टक्के कोलॅजेन असते. पेशींच्या भोवती त्याचे जाळे असते आणि त्याच्या आधाराने पेशी आपापल्या जागी राहतात. हाडात कॅल्शियमचे क्षार याच जाळ्यावर बसतात. नुसते क्षार असते तर हाड खडूसारखे मोडले असते. स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, सांध्यातली कूर्चा, त्वचेचा आतला थर या सगळ्यांत कोलॅजेन आहे. त्याच्या सोबतीला इलॅस्टिन असते. ते रबरासारखे ताणले जाऊन पुन्हा मूळ जागी येते, म्हणून आपली फुप्फुसे आणि रक्तवाहिन्या फुगतात व आकसतात. केस आणि नखे मात्र केराटिन या तिसऱ्याच प्रथिनाची.

कोलॅजेन एवढे मजबूत कसे? सुंभाचा दोर आठवून पाहा. प्रत्येक पदर एका बाजूला पिळलेला असतो आणि सगळे पदर मिळून उलट बाजूला पिळतात, म्हणून दोर उसवत नाही. कोलॅजेनमध्येही तीन पदर असेच वळलेले असतात. ही रचना मांडली ती आपल्याच देशात. मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी 1954 साली 'नेचर' या नियतकालिकात तिची मांडणी प्रसिद्ध केली आणि पुढच्या वर्षी ती सुधारली. पाये तासन्‌तास शिजतात तेव्हा हे तीन पदर सुटतात. त्यालाच जिलेटिन म्हणतात. थंड होताना सुटलेले पदर जागोजागी पुन्हा गुंततात, पाणी अडकवून ठेवतात आणि शोरबा गोठतो.

हा दोर वळायला शरीराला क जीवनसत्त्व लागते. ते मिळाले नाही तर पदर घट्ट बसत नाहीत. जुन्या काळी महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त येई, दात हलत, बऱ्या झालेल्या जुन्या जखमाही पुन्हा उघडत. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. 1747 साली जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलाच्या डॉक्टरांनी 12 आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबे मिळालेली जोडी सर्वांत लवकर सुधारली. त्यांतला एक तर सहा दिवसांत कामावर जाण्याजोगा झाला.

आता बाजाराकडे वळू. आज कोलॅजेनची पावडर डब्यांतून विकली जाते. चेहऱ्याच्या सुरकुत्या जातील, अम्मीचे गुडघे बरे होतील, अशा जाहिराती आपण रोज पाहतो. पण पोटात गेलेले कोलॅजेन तसेच्या तसे गुडघ्यात जाऊन बसत नाही. इतर प्रथिनांप्रमाणे त्याचेही पचनात बारीक तुकडे होतात आणि ते कुठे वापरायचे ते शरीर ठरवते. काही चाचण्यांत थोडा फायदा दिसला आहे, पण त्यांतल्या अनेक चाचण्यांचा खर्च उत्पादकांनीच केलेला आहे. शिवाय कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसते. त्यामुळे पावडर काय किंवा पाये काय, ती डाळ, अंडी, मासे यांची जागा घेऊ शकत नाहीत. घरखर्चाला कात्री लावून डबा आणण्याआधी मुलांच्या ताटात रोज पुरेशी डाळ आणि अंडे आहे ना, हे आपण पाहावे.

आपल्या घरांसाठी आणखी एक प्रश्न महत्त्वाचा आहे. जिलेटिन डुक्कर, गायी-म्हशी किंवा मासे यांपैकी कशापासूनही बनते. जेलीच्या गोळ्या, मार्शमॅलो, औषधांच्या कॅप्सूल यांत ते असते. वेष्टनावरची तपकिरी खूण फक्त मांसाहारी घटक असल्याचे सांगते, प्राणी कोणता ते सांगत नाही. म्हणून हलाल प्रमाणपत्र पाहावे. जेलीसाठी समुद्री शेवाळापासून बनणारे अगर-अगर हा सोपा पर्याय आहे. औषधाची कॅप्सूल मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांना विचारावे, पुष्कळदा तेच औषध गोळीच्या रूपातही मिळते.

मग आपण करावे काय? पाये जरूर खावेत, पण रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉलचा त्रास असलेल्यांनी वरची चरबी काढून, बेताने. लिंबू मात्र ताटात वाढल्यावर पिळावे, कारण उकळताना क जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होते. आवळा, पेरू, कोथिंबीर, हिरवी मिरची हे स्वस्तातले स्रोत आहेत. कडक उन्हाने आणि विडी-सिगारेटच्या धुराने त्वचेतले कोलॅजेन लवकर तुटते, तेव्हा घरातल्या पुरुषांनी विडी सोडली तर तो फायदा कोणत्याही डब्यापेक्षा मोठा ठरेल. आणि ज्यांचे गुडघे महिनोन्‌महिने दुखत आहेत, त्यांना आपण पावडर नव्हे, डॉक्टर दाखवावा.