दाढी राहू द्या, मास्क बदला

झोपेची रात्रभर तपासणी होते, ‘स्लीप अ‍ॅप्निया’चे निदान होते आणि हजारो रुपये खर्चून सीपॅप यंत्र घरी येते. पहिल्या रात्री मास्क लावला की मिशीखालून ‘फुस्स’ असा आवाज सुरू होतो. पट्टे आणखी आवळले की हवा वर डोळ्यांत जाऊ लागते. सकाळी डोळे लाल, घसा कोरडा, नाकाच्या हाडावर वळ आणि शेजारी झोपलेल्या पत्नीचीही झोपमोड. पंधरा-वीस दिवसांत यंत्र कपाटावर जाऊन बसते आणि पुढच्या भेटीत रुग्ण सांगतो, ‘‘डॉक्टर, मला ते मशीन मानवत नाही.’’

दाढी-मिशी राखणाऱ्या पुरुषांच्या बाबतीत हे वारंवार घडते. यंत्र ठीक असते, हवेचा दाबही योग्य ठरवलेला असतो. अडचण एवढीच असते, की मास्कची सिलिकॉनची कड नेमकी केसांवर टेकलेली असते.

आजार साधा नाही

गाढ झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काही जणांत ते इतके सैल पडतात, की श्वासाची वाट अरुंद होते किंवा पूर्ण बंद होते. श्वास दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ अडतो, रक्तातला प्राणवायू खाली येतो, मेंदू दचकून जागा होतो आणि मोठा घुरका घेऊन श्वास पुन्हा सुरू होतो. तासाला ५ ते १५ वेळा असे होत असेल तर आजार सौम्य, १५ ते ३० वेळा असेल तर मध्यम आणि ३० हून अधिक वेळा असेल तर तीव्र समजला जातो. तीव्र म्हणजे दर दोन मिनिटांना किमान एकदा! रुग्णाला यातले काही आठवत नाही. त्याला फक्त एवढेच कळते, की आठ तास झोपूनही अंग जड आहे आणि दुपारी डोळा लागतो आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले, तेव्हा डॉक्टरांनी या आजाराचे नाव घेतले आणि ते प्रथमच अनेकांच्या कानावर पडले. उपचार न केल्यास रक्तदाब औषधांना दाद देत नाही, हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. ट्रक, बस किंवा रिक्षा चालवणाऱ्याला गाडी चालवताना लागलेली एक डुलकी त्याच्यासोबत इतरांच्याही जिवावर बेतू शकते. त्यामुळे ‘मास्क नीट बसत नाही’ ही तक्रार किरकोळ समजून चालत नाही.

हवेचा आधार आणि केसांची फट

सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये पाच रुग्णांवरील अनुभव ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि सीपॅपचा उपचार जगापुढे आला. तत्त्व सोपे आहे. नाकातून सतत ठरावीक दाबाची हवा आत सोडायची, म्हणजे घशाची नळी आतून फुगलेली राहते आणि मिटत नाही. सुरुवातीच्या काळात मास्क दर रात्री सिलिकॉनने चेहऱ्यावर चिकटवावा लागे. आज मऊ कडांचे, हलके, वेगवेगळ्या आकारांचे मास्क मिळतात, पण मूळ अट तीच आहे. कड आणि त्वचा यांच्यामध्ये फट राहता कामा नये, कारण हवा निसटली की दाब कमी होतो आणि घसा पुन्हा मिटू लागतो.

केस ही फट तयार करतात. प्रत्येक केसाच्या बाजूने हवेला बारीक वाट मिळते. अशा शेकडो वाटा एकत्र आल्या की यंत्र दाब टिकवण्यासाठी जास्त हवा फेकते, आवाज वाढतो आणि झोप मोडते. अशा वेळी पट्टे आवळणे हा सगळ्यांचा पहिला उपाय असतो आणि बहुधा तोच चुकतो. मास्कची कड हवेने थोडी फुगून त्वचेवर बसते. ती फार दाबली की दुमडते, गळती वाढते आणि नाकाच्या हाडावर जखम होते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. प्रत्येक मास्कवर बारीक छिद्रे मुद्दाम ठेवलेली असतात. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड त्यांतूनच बाहेर जातो. तिथून येणारी हवा म्हणजे बिघाड नव्हे. ती छिद्रे कापडाने किंवा चिकटपट्टीने कधीही बंद करू नयेत.

कड कुठे टेकते, ते पाहा

मास्क निवडताना ‘सर्वांत चांगला कोणता?’ असे विचारण्याऐवजी ‘याची कड माझ्या चेहऱ्यावर कुठे टेकेल?’ असे विचारावे. आरशासमोर उभे राहून केस कुठे आहेत आणि मोकळी त्वचा कुठे आहे, हे पाहिले की निम्मे उत्तर मिळते.

नाकपुडीचा मास्क (नेझल पिलो): यात सिलिकॉनच्या दोन छोट्या मऊ टोप्या नाकपुड्यांच्या तोंडाशी बसतात. गाल, हनुवटी आणि ओठ मोकळे राहतात. पूर्ण दाढी असलेल्यांनी बहुधा हाच प्रकार आधी वापरून पाहावा. झुबकेदार मिशीलाही तो बऱ्यापैकी चालतो, फक्त नाकपुडीत शिरणारे केस कापावे लागतात. हवेचा दाब फार जास्त लागत असेल, तर काहींना नाकात झोंबते किंवा कोरडेपणा येतो. त्यासाठी यंत्राला जोडलेला हवा दमट करणारा भाग उपयोगी पडतो.

नाकाखालचा मास्क: याची कड नाकपुड्यांच्या खाली पाळण्यासारखी बसते. नाकाच्या हाडावर काही येत नाही, त्यामुळे चष्मा लावून वाचता येते. दाढी कितीही असो, अडचण नाही, पण दाट मिशी नाकाला भिडलेली असेल तर हवा तिथून निसटते.

नाकावरचा त्रिकोणी मास्क: हा नाकाचे हाड, दोन्ही बाजू आणि वरच्या ओठावर टेकतो. हनुवटीपुरती दाढी असलेल्यांना किंवा बारीक कापलेल्या मिशीला तो चालतो. जाड मिशी असेल तर खालची कड केसांवर येते.

नाक-तोंड झाकणारा मोठा मास्क: दाढीवाल्यांना सर्वांत अवघड जातो तो हा. त्याची कड नाकावरून गालांवर उतरते आणि खालच्या ओठाखाली, म्हणजे ऐन दाढीत बसते. दाढी नसलेल्यांतही नाकाच्या मास्कपेक्षा याला गळती जास्त आणि अनेकदा दाबही जास्त लागतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. म्हणून सहसा नाकाच्या मास्कनेच सुरुवात केली जाते. नाकाखाली बसून फक्त तोंड झाकणारा एक मधला प्रकारही मिळतो. त्यात नाकाच्या हाडाची सुटका होते, पण दाढीचा प्रश्न तसाच राहतो.

तोंड उघडे राहत असेल तर?

‘मी तोंडाने श्वास घेतो, मग मला मोठाच मास्क लागेल’ असे अनेक जण धरून चालतात. तोंड उघडे का राहते, हे आधी शोधावे. नाकाचा पडदा वाकडा असेल, अ‍ॅलर्जीने नाक बंद राहत असेल किंवा नाकात कोंब असतील, तर त्यावर नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे उपचार होतात. नाक मोकळे झाले आणि हवा दमट मिळू लागली, की काही आठवड्यांत अनेकांचे तोंड आपोआप मिटू लागते. गरज पडल्यास हनुवटीखालून डोक्यावर जाणारा कापडी पट्टा वापरता येतो. तो दाढीवरूनही बांधता येतो, कारण त्याला हवा अडवायची नसते, फक्त जबडा धरायचा असतो. समाजमाध्यमांवर पाहून तोंडाला चिकटपट्टी लावण्याचा प्रयोग मात्र स्वतःच्या मनाने करू नये.

एवढे करूनही मोठा मास्क लागलाच, तर मोठ्या मापाचा घेऊन भागत नाही. माप अचूक हवे. मास्कच्या कडेखाली घालायची मऊ कापडी झालर मिळते, तिने काहींची गळती कमी होते.

श्रावणातली दाढी आणि खुंटांचा त्रास

लांब, मऊ दाढीपेक्षा दोन-तीन दिवसांचे खुंट कधी कधी जास्त त्रास देतात. लांब केस कडेखाली आडवे पडतात. ताठ खुंट मात्र कड उचलून धरतात, सिलिकॉनला घासतात आणि त्वचेलाही टोचतात. आपल्याकडे श्रावणात दाढी न करणारे पुष्कळ आहेत, कोणी नवसाची दाढी वाढवतो, तर सुतकात दहा-बारा दिवस वस्तरा लागत नाही. गुळगुळीत चेहऱ्यावर बेताचा बसणारा मास्क या दिवसांत अचानक गळू लागतो. उलटही होते. दाढीवर बसवलेला मास्क दाढी उतरवल्यावर ढिला पडतो. अशा वेळी यंत्र बंद ठेवू नये. पट्टे पुन्हा जुळवावेत किंवा तेवढ्या काळासाठी नाकपुडीचा मास्क हाताशी ठेवावा. जे रोज दाढी करतात, त्यांनी शक्य असल्यास ती सकाळऐवजी संध्याकाळी करावी.

दाढी-मिशीला रात्री खोबरेल किंवा दाढीचे तेल लावण्याची सवय असेल तर ती सकाळवर न्यावी. तेलाने कड घसरते आणि सिलिकॉन लवकर खराब होते. गळती थांबावी म्हणून कडेला व्हॅसलीन फासणेही त्याच कारणाने टाळावे. झोपण्यापूर्वी दाढी साबणाने धुऊन, कोरडी करून, केसांच्या दिशेने खाली विंचरावी. मास्कची कड रोज कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवावी आणि सावलीत वाळवावी.

‘दाढी काढा’ हा पहिला सल्ला नको

दाढी अनेकांसाठी हौस असते. शीख बांधवांसाठी केस राखणे हा धर्माचरणाचा भाग आहे, अनेक मुस्लीम पुरुषांसाठीही दाढीला धार्मिक अर्थ आहे. कुणाची मिशी ही त्याची गावभरची ओळख असते. ‘आधी दाढी काढून या’ असे सांगितले, की असा रुग्ण वाद घालत नाही, तो परत येत नाही. कोविडच्या काळात ब्रिटनमध्ये शीख डॉक्टरांपुढे असाच पेच उभा राहिला. दाढीवर एन-९५ प्रकारचे मास्क घट्ट बसेनात. तेव्हा दाढीवर ताणली जाणारी रबरी पट्टी बांधून त्यावर मास्क लावण्याची ‘सिंग ठाठा’ ही पद्धत त्यांनी वापरली आणि तिची चाचणीही प्रसिद्ध झाली. ती पद्धत काही तासांच्या कामासाठी होती. रात्रभर झोपेत तोंडाभोवती रबर बांधणे वेगळे, ते सीपॅपसाठी स्वतःहून करू नये. पण दाढी राखूनही मार्ग निघू शकतो, हे त्यातून दिसले.

ज्यांना थोडी काटछाट चालते, त्यांनाही सगळी दाढी उतरवण्याची गरज क्वचितच पडते. मास्क लावून त्याच्या कडेची रेघ चेहऱ्यावर पाहावी आणि न्हाव्याकडून तेवढाच पट्टा बारीक करून घ्यावा. बहुतेक वेळा मिशीची नाकालगतची कड किंवा खालच्या ओठाखालचा छोटा भाग एवढेच काम असते. समोरून पाहणाऱ्याला फरकही कळत नाही.

विकत घेण्यापूर्वी

झोपेच्या तपासणीला आणि दाब ठरवण्याच्या रात्री नेहमी राखता तशीच दाढी ठेवून जावे. वापरलेला मास्क दुकानदार सहसा परत घेत नाहीत, म्हणून दोन-तीन प्रकार आधी लावून पाहू देण्याचा आग्रह धरावा. बसून आरशात पाहणे पुरेसे नाही. यंत्र सुरू करून, आडवे होऊन, दोन्ही कुशींवर वळून पाच-दहा मिनिटे पाहावे. गळती जाणवली तर आधी मास्क चेहऱ्यापासून किंचित उचलून पुन्हा बसवावा, म्हणजे कड नीट फुगते. त्यानंतरच पट्टे थोडे थोडे जुळवावेत. काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाची बटणे असतात. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेले दुसरे उपकरण असेल, तर विकत घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. घरात एकाच खोलीत झोपणाऱ्या जोडीदाराला पेसमेकर असला तरीही हे लागू होते.

आजची बहुतेक यंत्रे रोजचे वापराचे तास, गळती आणि उरलेले श्वासरोध यांची नोंद ठेवतात. ती नोंद पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवावी. रोज किमान चार तास वापर ही सुरुवातीची पायरी मानली जाते, पण फायदा हवा तर झोपेचे सर्व तास यंत्र चालू हवे. पहिल्या पंधरवड्यातच तक्रार घेऊन गेले तर मास्क बदलून पाहता येतो. तेही जमले नाही तर सौम्य आणि मध्यम आजारात जबडा पुढे धरणारी, दातांवर बसवायची पट्टी हा पर्याय आहे. वजन कमी करणे, कुशीवर झोपणे आणि रात्रीचे मद्य सोडणे यांचाही उपयोग होतो. तीव्र आजारात मात्र यांच्या भरवशावर यंत्र बंद करू नये. तिथे योग्य मास्क शोधत राहावे, कारण एक मास्क गळतो म्हणून उपचारच सोडला तर रात्री श्वास अडणे तसेच चालू राहते.