रहस्यकथेचा ताणा-बाणा

आपल्या नारपोलीत यंत्रमागांचा खडखडाट सर्वांच्या परिचयाचा आहे. मागावर आधी ताणा लावतात, म्हणजे उभे धागे ताणून बसवतात. मग धोटा इकडून तिकडे धावतो आणि आडवा धागा, म्हणजे बाणा, विणला जातो. आपल्याला कापड तयार होताना दिसते. पण त्याचा ताणा आधीच पक्का झालेला असतो.

रहस्यकथाही अशीच विणली जाते. रहस्य म्हणजे उर्दूतील 'राज़'. लेखक आधी ते रहस्य आणि कथेचा शेवट ठरवतो. मग एकेक प्रसंग विणत जातो. मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. उर्दूत इब्ने सफी यांची 'जासूसी दुनिया' १९५२ साली अलाहाबादेत सुरू झाली. या कथांत गुन्हेगाराचा शोध असतो. काही कादंबऱ्यांत मात्र रहस्य घरातच दडलेले असते.

जयंत देवकुळे यांची 'आशा परत येते' ही अशीच कादंबरी आहे. तिच्यावरून १९६४ साली राजा परांजपे यांनी 'पाठलाग' हा मराठी चित्रपट काढला. पुढे १९६६ मध्ये त्यावरून 'मेरा साया' हा हिंदी चित्रपट निघाला. तो तुमच्या घरच्या मोठ्या माणसांनी पाहिला असेल.

कथा अशी आहे. एका वकिलाची पत्नी त्याच्या डोळ्यांदेखत मरण पावते. पुढे पोलीस दरोडेखोरांच्या टोळीतील एका स्त्रीला पकडतात. ती हुबेहूब त्या पत्नीसारखी दिसते. "मी तुमचीच पत्नी आहे," असे ती वकिलाला सांगते. त्याचा विश्वास बसत नाही. खटला सुरू होतो. फक्त पती-पत्नीलाच ठाऊक असतील अशा गोष्टी ती भर न्यायालयात बिनचूक सांगते. वकील गोंधळून जातो. आपणही गोंधळतो.

या साऱ्याच्या मुळाशी एक लपवलेली गोष्ट असते. पत्नीला एक जुळी बहीण होती आणि ती वाईट मार्गाला लागली होती. लोकलाजेमुळे पत्नीने हे पतीला कधीच सांगितले नाही. तिच्या मनात कपट नव्हते, भीती होती. पण त्या एका मौनामुळे भरल्या घराची वाताहत झाली. वेळीच विश्वासाने बोलली असती, तर तिच्यावर आणि तिच्या पतीवर हा प्रसंग आला नसता.

मग आरोपीच्या पिंजऱ्यात उभी असलेली ती स्त्री कोण? ते येथे सांगितले, तर वाचनाची गंमत जाईल. चांगला रहस्यकथाकार वाचकाला फसवत नाही. तो खुणा समोरच ठेवतो; आपलेच त्यांच्याकडे लक्ष जात नाही. या कादंबरीची एक खूण तर तिच्या नावातच आहे. वकिलाच्या पत्नीचे नाव आशा होते. आता कादंबरीचे नाव पुन्हा एकदा वाचा.