श्रवण हेच व्रत

चैत्र शुद्ध नवमीस मध्यान्ही रामजन्म होतो, सुंठवडा वाटला जातो आणि सायंकाळी मंदिरापुढे ध्वनिवर्धकावर गीतरामायण सुरू होते. मागे एकदा रामनवरात्रातील कीर्तनसेवेस वडीगोद्रीस गेलो होतो. समर्थ रामदासांचे जन्मग्राम जांब याच जालना जिल्ह्यातले. साहजिकच या भूमीत रामनामाची गोडी निराळी. गीत चालू होते आणि मी उत्सवाच्या मंडळींशी परतीच्या वाहनाविषयी बोलत होतो. पुढे बसलेल्या एक वृद्ध माउली वळून म्हणाल्या, "म्हाराज, रामाचं गाणं चालू हाय अन् तुमीच बोलू लागले!"

मी ओशाळलो. श्रवणभक्तीचा महिमा सांगणारा मी श्रवणातच चुकलो होतो.

त्यांना अक्षरओळख नव्हती; रामकथेचा क्रम त्यांना रेडिओने शिकविला होता. वाड्यातील एकुलत्या रेडिओपुढे सांजवात लावून, पायतणे दूर ठेवून सारी आळी बसे, असे त्यांनी सांगितले.

1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीस, पुणे आकाशवाणीने गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित केले. केंद्रावरील सीताकांत लाड यांची प्रेरणा, ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे स्वर असा तो त्रिवेणी संगम होता. दर आठवड्यास एक नवे गीत येई. त्या वर्षी अधिक मास आल्याने गीते 56 झाली. कौसल्या, सीता, हनुमंत आपापल्या मुखाने बोलतात. म्हणूनच हे गायन असूनही काव्यनाट्य आहे. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे यांच्या कंठातून रागदारी माजघरात आली. ठरल्या वेळी कित्येक घरांत रेडिओस हार घालीत, उदबत्ती लावीत. वेळ चुकली की गीत चुकले. म्हणून ते श्रवण व्रतच होते.

वाल्मीकींच्या बालकांडात कुश-लव गातात आणि प्रत्यक्ष श्रीराम सभेत बसून तल्लीन होतात. प्रभूच जिथे श्रोता, तिथे आपण कोण बोलणारे?

आज तेच गीत हवे तेव्हा, हवे तिथे वाजते. म्हणूनच ते कानांवर पडते, अंतःकरणात उतरत नाही. वाचकहो, या नवमीस एक करावे. तिन्हीसांजेस देवापुढे निरांजन लावावे, घरातील सर्वांनी एकत्र बसावे आणि एकच गीत, मध्ये एक शब्दही न बोलता, अखेरपर्यंत ऐकावे. एवढ्या नैवेद्यानेही रामराया संतुष्ट होईल.