"मी घरीच असते" म्हणण्याआधी



गेल्या महिन्यात अणदूरला एका गटाच्या बैठकीत मी कर्जमागणीचे अर्ज भरत होते. 'व्यवसाय' हा रकाना आला. समोरच्या काकूंना विचारलं, "काकू, तुम्ही काय करता?" त्या म्हणाल्या, "मी काय करते बाई? घरीच असते. शेती मालक करतात." मी 'गृहिणी' लिहून मोकळी झाले. मग सही घेताना त्यांचा हात दिसला. बोटांना सोयाबीन काढणीच्या चिरा पडलेल्या. घरी बसून अशा चिरा पडतात का? चूक काकूंची नव्हती, न विचारता लिहिणारीची, म्हणजे माझी होती.

एका शब्दानं काय बिघडतं, असं वाटेल. पण बघा. कागदावर 'गृहिणी' लिहिलं की शेतकऱ्यांच्या यादीत बाई येत नाही. यादीत नाही म्हणून शेतीच्या प्रशिक्षणाला बोलावणं नाही. प्रशिक्षण नाही म्हणून 'बाईला शेतीतलं काय कळतं?' असं लोक म्हणतात. आणि सारखं ऐकून आपल्यालाही ते खरं वाटायला लागतं. पेरणी, खुरपणी, काढणी, जनावरं, सगळं आपण करायचं आणि नाव मात्र 'घरीच असते'!

प्रश्न कसा विचारला यावरही उत्तर ठरतं. "काम करता का?" असं विचारलं की बाई "नाही" म्हणते, कारण काम म्हणजे पगार, असं आपल्या मनात बसलंय. म्हणून १९९१ च्या जनगणनेत कामाच्या प्रश्नातच 'घरच्या शेतावरचं बिनपगारी कामही धरा' असं लिहिलं गेलं. बाई तीच, रान तेच. प्रश्न बदलला की ती मोजली जाते.

शब्दाचा अर्थही बदलता येतो. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणानं 'शेतकरी' म्हणजे फक्त जमिनीचा मालक असं मानलेलं नाही. वाटेकरी आणि शेतमजूरही त्यात धरलेत. तरी पीककर्ज आणि बऱ्याच योजनांना आजही सातबाराच लागतो. म्हणजे शब्द बदलला, पण काम अर्धंच झालं.

पुढचं अर्धं कसं करायचं, याचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. १९८६ साली नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. पुढे शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली : घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन करा. हे दान नाही, तिच्या कष्टाचं देणं आहे, असा त्यामागचा विचार. अनेक गावांतल्या शेतकऱ्यांनी खरंच जमिनी बायकांच्या नावे केल्या. बोलण्याची रीत बदलली, मग सातबाराही बदलला.

या महिन्याच्या बैठकीत तीन गोष्टी करूया :

१. प्रत्येकीनं सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंतची कामं सांगायची, सचिव ताईंनी लिहायची.

२. अर्जात व्यवसाय विचारला की "शेती" असं स्पष्ट सांगायचं. २०२७ च्या जनगणनेलाही हेच उत्तर द्यायचं.

३. घरचा सातबारा आणून वाचायचा. आपलं नाव आहे का? नसेल तर घरी बोलायचं, तलाठ्याकडे चौकशी करायची. मी सोबत येते.

काकूंचा अर्ज मी पुन्हा लिहिला आणि वाचून दाखवला : 'व्यवसाय – शेती'. काकू हसल्या. म्हणाल्या, "थांब, मालकांना दाखवून येते."

तुमची,
क्षेत्र समन्वयक