क्रिएटिनचा डबा आणि दुखऱ्या पोटऱ्या

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की नागपुरात पहाटेची धावपळ वाढते. सेमिनरी हिल्सचा चढउतार असो की एखाद्या शाळेचे मैदान, कॉलेजातली आणि बारावीच्या वर्गातलीही मुले-मुली धावताना, गोळा फेकताना दिसतात. मुलांना १६०० व १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. या मंडळींत एका पांढऱ्या पुडीची चर्चा हमखास असते. तिचे नाव क्रिएटिन. ‘ही घेतली की अंग दुखत नाही, स्नायू लवकर भरून येतात,’ असे त्यांना सांगितले जाते. डब्यासाठी पैसे घरच्या किराण्यातूनच निघायचे असतात, तेव्हा विद्यार्थ्याने विचारले तर आपल्याला नीट उत्तर देता यायला हवे.

क्रिएटिन परके नाही. शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला ते १८३२ साली मांसात सापडले आणि ‘मांस’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव मिळाले. आपले यकृत व मूत्रपिंडे रोज साधारण १ ग्रॅम क्रिएटिन स्वतःच तयार करतात. बाकीचे मांस-मासळीतून मिळते. धान्य, डाळी, भाजीपाला यांत ते जवळजवळ नसतेच. म्हणून शाकाहारी माणसाच्या स्नायूंतला साठा थोडा कमी असतो आणि पूड घेतल्यावर त्यात पडणारी भरही जास्त असते.

स्नायू आकसतो तो एटीपी या रेणूतील ऊर्जेवर. पण एटीपीचा साठा इतका तोकडा, की पूर्ण जोर लावला तर दोन-तीन सेकंदांपलीकडे तो पुरणार नाही. एटीपीतला एक फॉस्फेट गट सुटला की ऊर्जा मिळते आणि मागे एडीपी उरतो. स्नायूत फॉस्फोक्रिएटिन तयार असते. ते आपला फॉस्फेट गट या एडीपीला देऊन टाकते आणि एटीपी पुन्हा उभा राहतो. अन्न जाळून ऊर्जा मिळवण्याची लांबची वाट सुरू होईपर्यंत, म्हणजे साधारण दहा सेकंद, मुख्य भार हीच सोय उचलते.

ही गोष्ट उलगडण्यात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे, हे वर्गात आवर्जून सांगावे. आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्यासह १९२७ साली फॉस्फोक्रिएटिन शोधले. स्नायूला चेतवले की हा पदार्थ घटतो आणि स्नायू विसावला की तो पुन्हा बनतो, असे त्यांना आढळले. आपल्या प्रश्नाची किल्ली या दुसऱ्या अर्ध्या वाक्यात आहे.

कारण ‘स्नायू पूर्ववत होणे’ या एकाच शब्दप्रयोगात दोन निराळ्या गोष्टी दडल्या आहेत. पहिली मिनिटांत घडते. जोरात धावून थांबलो की साधारण अर्ध्या मिनिटात निम्मे फॉस्फोक्रिएटिन परत बनते, आणि तीन ते पाच मिनिटांत बहुतेक सगळे. साठाच मोठा असेल तर पुढच्या दौडीला, पुढच्या फेकीला जोर अधिक उरतो. क्रिएटिनचा उपयोग येथे चांगला सिद्ध झाला आहे. १९९२ साली हॅरिस, सॉडरलुंड आणि हुल्टमन यांनी पूड खाल्ल्याने स्नायूतला साठा वाढतो हे दाखवले. त्यानंतर यावर पुष्कळ प्रयोग झाले.

दुसरी गोष्ट दिवसांत घडते. आज टेकडीवरून उतारावर धावलो की परवा जिना उतरताना मांड्या ओरडतात. हे दुखणे एक ते तीन दिवसांत शिगेला पोहोचते. त्याचे खापर अजूनही लॅक्टिक आम्लावर फोडतात. पण ते आम्ल तर तासाभरात निघून गेलेले असते. उतारावर स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, त्यात त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, आणि ती भरून येताना वेदना जाणवते. येथे क्रिएटिनचा पुरावा मात्र डळमळीत आहे: काही प्रयोगांत थोडा फायदा दिसतो, काहींत मुळीच नाही. विक्रेता पहिल्या गोष्टीचा पुरावा दाखवून दुसरीचे आश्वासन विकतो.

आता भरतीच्या चाचणीकडे पाहू. १०० मीटर व गोळाफेक यांच्या सरावाला मदत होऊ शकेल. १६०० मीटर मात्र पाचसहा मिनिटांची दौड. ती मुख्यतः श्वासावर, म्हणजे प्राणवायूवर चालते. तेथे फायदा फारसा नाही. उलट क्रिएटिनबरोबर स्नायूत पाणी साठते आणि वजन किलो-दीड किलोने वाढू शकते. ते ओझे घेऊनच धावायचे.

पुडीची नेहमीची मात्रा रोज ३ ते ५ ग्रॅम. निरोगी प्रौढांना या मात्रेने मूत्रपिंडाचा विकार झाल्याचे दिसलेले नाही. ज्यांना तो आधीच आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. अठरा वर्षांखालील मुलांवर मात्र अभ्यास थोडेच झाले आहेत, म्हणून शाळकरी मुलांना ‘आत्ता नको’ असेच आम्ही सांगू. क्रिएटिन उत्तेजकांच्या बंदी-यादीत नाही. तरी हलक्या डब्यात भलत्याच पदार्थांची भेसळ निघू शकते.

एक खुलासा राहिला. क्रिएटिनचा थोडा भाग रोज क्रिएटिनिन बनून लघवीवाटे जातो. पूड घेणाऱ्याच्या रक्तात क्रिएटिनिन किंचित वाढलेले दिसू शकते आणि मूत्रपिंड बिघडल्याचा समज होतो. तपासणीच्या वेळी पूड घेत असल्याचे डॉक्टरांना सांगावे.

पहिली गोष्ट मैदानावर सहज पडताळता येते. सुदृढ विद्यार्थ्यांना ५० मीटर पूर्ण वेगाने चार वेळा धावायला लावा: एके दिवशी मध्ये २० सेकंद विश्रांती, दोन दिवसांनी ४ मिनिटे. प्रत्येक दौडीचा वेळ लिहून दोन्ही दिवसांचे आलेख एकाच कागदावर काढा. उन्हाळ्यात हे सकाळी सातच्या आत उरकावे.